इलेक्ट्रॉन सोडायला काय घेणार?

'आयन' हा शब्द सध्या जाम चालतो. एसीच्या रिमोटवर आयनचं बटण असतं. हेअर ड्रायरवर 'आयोनिक' लिहिलेलं असतं. एअर प्युरिफायरच्या खोक्यावर एक हिरवं पान आणि त्याखाली 'लाखो निगेटिव्ह आयन' असा दिलासा असतो. ऑफिसातल्या कुणाच्या तरी मनगटावर चार हजारांचं ब्रेसलेट असतंच, आणि ते घातल्यापासून म्हणे त्याची पाठ दुखायची थांबलेली असते. (बॉसनं रजा मंजूर केली तेव्हाही ती थांबली होती, पण ते सोडा.) शिवाय कुणाचा तरी मेव्हणा दीड-दोन लाखांचं 'वॉटर आयोनायझर' विकत असतो, आणि ते घेतलं की खाली आणखी चार जणांना जोडायचं असतं.

बारावीच्या केमिस्ट्रीचा पेपर झाला आणि आपली नि आयनची ताटातूट झाली. आता तो भेटतो तो थेट दुकानात, किमतीची चिठ्ठी लावून. म्हणून म्हटलं, या वेळी त्याला जरा त्याच्या गावी जाऊन भेटू या. गाव महाड. मुंबई-गोवा हायवेवर बहुतेक जण इथं वडापाव खातात, रायगडाकडे वळतात, नाहीतर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठतात. पण आयन म्हणजे काय हे बघायला मला तरी यापेक्षा बरी जागा माहीत नाही. धबधबे आहेत, गरम पाण्याचे झरे आहेत, एमआयडीसीत केमिकल कंपन्या आहेत, आणि ऑक्टोबरात दुपारनंतर डोक्यावर विजा आहेत.

आधी फंडा क्लिअर करू. अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणून हिशेब शून्य. एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला की अणू धन आयन होतो, एखादा जास्तीचा येऊन बसला की ऋण आयन. बस्स, एवढंच. पण मेख अशी की इलेक्ट्रॉन फुकटात निघत नाही. त्याची किंमत ठरलेली असते आणि ती मोजतात इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. हे अणूंच्या बाजारातलं चलन समजा. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायचा तर १३.६ मोजावे लागतात. हेलियम सगळ्यांत कंजूष, २४.६. सोडियमचं मात्र ५.१ मध्ये काम होतं, कारण त्याचा बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन कायम बॅग भरून बसलेला असतो. रेझ्युमे अपडेट करून बसलेल्या आपल्या कलीगसारखा. पण त्याच सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन मागून बघा! थेट ४७ सांगतो. तो म्हणजे सरकारी नोकरीतला माणूस, हलत नाही.

आता क्लोरीनला एक इलेक्ट्रॉन हवाच असतो, आणि मिळाला तर तो ३.६ परत देतो. सोडियमला लागले ५.१, क्लोरीननं दिले ३.६, म्हणजे दीडचा तोटा. मग हा व्यवहार होतो कसा? तर दोघंही आयन झाले की एक धन, एक ऋण, आणि ते एकमेकांना जे घट्ट धरतात त्यातून हा तोटा भरून निघून वर नफा उरतो. त्या नफ्याचं नाव मीठ. पेणच्या मिठागरातलं, तुमच्या डाळीतलं.

एवढं लक्षात ठेवा: कुणीही 'आयन' म्हटलं की विचारायचं, बाबा रे, इलेक्ट्रॉनची किंमत कोण मोजतंय? या एका प्रश्नावर निम्मी दुकानं बंद होतील.

महाडला माझे एक काका राहतात. आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होते, आता रिटायर. मी तिथं असताना दुपारी एक टायवाला मुलगा आरओ फिल्टर विकायला आला. असेल बावीस-तेवीसचा, घामानं डबडबलेला. त्यानं टेबलावर दोन ग्लास मांडले, एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. मग बॅगेतून एक यंत्र काढलं, त्याच्या धातूच्या कांड्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या आणि प्लग लावला. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ उसळायला लागला. अक्षरशः गटार! आरओचा ग्लास मात्र जसाच्या तसा. 'हे पाणी तुम्ही रोज पिता, काका,' मुलगा हळहळून म्हणाला. काकूंचा चेहरा पडला.

काका म्हणाले, 'थांब बाळा. अगं, जरा मिठाची बरणी आण.' चिमूटभर मीठ त्यांनी त्या स्वच्छ आरओच्या ग्लासात टाकलं, ढवळलं आणि म्हणाले, 'आता लाव.' लावलं. आरओचं पाणीही तस्संच तपकिरी. उलट जास्तच.

झालं काय, तर तो गाळ पाण्यातला नव्हताच. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात विद्राव्य क्षार असले, म्हणजे आयन असले, की त्यातून करंट वाहतो. मग प्लगमधली वीज किंमत मोजते, लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतात आणि त्यांचा गंजासारखा गाळ होतो. आरओच्या पाण्यातले आयन आधीच काढून टाकलेले, म्हणून तिथं करंटच नाही, म्हणून गाळही नाही. मुलगा दाखवत होता घाण, आणि दिसत होती ती त्याच्याच कांडीची झीज. त्याला हे माहीत होतं का? मला नाही वाटत. ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं ते तो करत होता, महिन्याचं टार्गेट असणार. काकूंनी त्याला सरबत दिलं. मीठ घातलेलं.

तोच फंडा टीडीएस मीटरचा. ते पेनाएवढं यंत्र पाण्यातून करंट किती वाहतो ते बघतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. आपल्याकडच्या मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण मीटरला जंतू दिसत नाहीत. पावसाळ्यातल्या ओढ्याचं पाणी मीटरवर बिसलेरीलाही लाजवेल आणि ते पिऊन तुम्ही सोमवारी ऑफिसऐवजी दवाखान्यात असाल. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं नसतं.

तसाही पाण्याच्या बाबतीत 'शुद्ध' हा शब्द महाडमध्ये जरा जपून वापरावा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन इथल्या चवदार तळ्यावर आले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं. त्यानंतर गावातल्या काही सवर्णांनी तळं 'बाटलं' म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची 'शुद्धी' केली. त्या दिवशी कुणी मीटर बुडवला असता तर ओंजळीच्या आधी आणि ओंजळीनंतर आकडा तोच आला असता. वाढला असता तो घागरी ओतल्यावर, कारण गोमूत्रात भरपूर क्षार असतात.

क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे आयन सुटे होतात, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण १८८४ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अर्‍हेनिअसनं ती आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडली, तेव्हा परीक्षकांनी नाकं मुरडली आणि जेमतेम पास होण्याइतका ग्रेड दिला. विद्युतभार असलेले अणू पाण्यात मोकळे फिरतात, तेही करंट लावायच्या आधीच? काहीतरीच! १९०३ मध्ये त्याच कल्पनेसाठी त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. ॲप्रेझलमध्ये कमी रेटिंग मिळालेल्यांनी हे कापून डेस्कवर चिकटवावं.

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव गावात गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खोल जातं, तापतं, दगडातले क्षार आपल्यात घेतं आणि वर येतं. कोकणातल्या अशा बऱ्याच झऱ्यांच्या पाण्यात सोडियम, कॅल्शिअम आणि क्लोराइडचे आयन भरपूर सापडतात. इथं किंमत मोजली दगडानं आणि पाण्यानं, सावकाश, कुणालाही बिल न लावता. एमआयडीसीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं मात्र तसं नाही. काका म्हणतात, 'सांडपाण्यातली सेंद्रिय घाण आम्ही जिवाणूंना खाऊ घालायचो. मीठ कोण खाणार?' प्रक्रिया केंद्रातल्या टाक्यांत गाळ खाली बसतो, वास कमी होतो, रंगही उतरवता येतो, पण सोडियमचा आयन एकदा पाण्यात सुटला की तो ना बसतो ना कुजतो. त्याला काढायचं तर पाणी उकळून आटवा, नाहीतर पडद्यातून दाबून गाळा, आणि दोन्हींचं वीजबिल डोळे पांढरे करणारं. कंपन्या आणि नदी यांच्यात जो वर्षानुवर्षांचा झगडा चालतो, त्यातला मोठा भाग या न दिसणाऱ्या, न वास येणाऱ्या मिठाचा असतो. स्वच्छ दिसणारं पाणी बाटलीत धरून कुणी 'बघा' म्हणालं, तर म्हणून लगेच बघायचं नाही.

असो. वीकएण्डला आलोय, फार सिरिअस नको. धबधब्यावर जाऊ.

महाडहून वरंध घाटाच्या बाजूला शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथं लिहिला असं मानतात. पावसाळ्यात घळीशेजारी जो धबधबा कोसळतो त्याच्या समोर पाच मिनिटं उभं राहिलं की पुढच्या पाच मिनिटांत मोबाइल काढावासा वाटत नाही. (नंतर काढतोच.) तर इथं हवेत निगेटिव्ह आयन खरोखरच असतात. कंपन्यांनी तो शब्द हवेतून उचलला हे इतपत खरं आहे. जर्मन शास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यानं १८९२ मध्ये धबधब्याच्या विजेवर निबंध लिहिला. पाण्याचा थेंब आपटून फुटतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचा ऋण भार बारीक तुषारांबरोबर हवेत उडतो आणि मोठे थेंब धन भार घेऊन खाली जातात. साध्या मोकळ्या हवेत घन सेंटिमीटरमागे काही शे ते हजार-दोन हजार आयन असतात, धबधब्याजवळ ते दहा-दहा हजारांच्या घरात जातात. इथं किंमत मोजतं ते उंचावरून पडणारं पाणी. (या लेनार्डला पुढे १९०५ मध्ये नोबेल मिळालं आणि त्यानंतर तो कट्टर नाझी झाला. हुशारी आणि शहाणपण यांचे आयनही वेगवेगळ्या दिशांना जातात बहुधा.)

आता जरा प्रमाण बघा. त्याच एका घन सेंटिमीटर हवेत एकूण रेणू असतात २५ वर १८ शून्यं इतके. त्यात हे दहा हजार. आणि तेही काही सेकंद ते काही मिनिटंच टिकतात, मग धुळीला नाहीतर एकमेकांना चिकटून संपतात. त्यामुळे शिवथरघळीतले आयन फेफड्यांत भरून पनवेलपर्यंत नेता येत नाहीत. त्यांनी मूड सुधारतो का? २०१३ मध्ये आधीच्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, झोप, मूड, रिलॅक्स वाटणं यांवर ठाम परिणाम दिसला नाही. फक्त खूप जास्त प्रमाणात ऋण आयन सोडणाऱ्या यंत्रांसमोर बसवलेल्या नैराश्याच्या रुग्णांत थोडी सुधारणा नोंदली गेली. ती यंत्रं म्हणजे तुमच्या एसीचं बटण नव्हे. धबधब्यावर बरं वाटतं ते पाण्यामुळे, हिरवाईमुळे आणि रेंज नसल्यामुळे, असं माझं मत.

आणि ब्रेसलेट? अमेरिकेत असंच एक 'आयनाइज्ड' ब्रेसलेट टीव्हीवरून धडाक्यात विकलं जायचं. प्रकरण कोर्टात गेलं. २००६ मध्ये निकाल लागला आणि २००८ मध्ये वरच्या कोर्टानं तो कायम केला: दुखणं थांबवण्याचे दावे खोटे, ग्राहकांचे पैसे परत करा. ते कडं आयनाइज्ड वगैरे काही नव्हतंच, साधं धातूचं होतं. विचार केला तर हे उघड आहे. मनगटावर निपचित पडलेल्या धातूच्या तुकड्यात इलेक्ट्रॉनची किंमत मोजणार कोण? बॅटरी नाही, प्लग नाही, धबधबा नाही.

हो, एक मार्ग आहे. आत किरणोत्सारी खनिज घालायचं! गंमत नाही करत. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्यानं अशा दहा वस्तूंविरुद्ध इशारा दिला. त्यात पेंडंट होती, ब्रेसलेट होतं, झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टी होती. त्या खरोखरच किरणोत्सारी निघाल्या. आणि त्यांतल्या काही विकल्या जात होत्या कशासाठी, तर ५जी च्या लहरींपासून संरक्षण म्हणून.

इथं आपला किमतीचा प्रश्न पुन्हा लावून बघा. प्रकाश असो की मोबाइलच्या लहरी, त्या ऊर्जा देतात ती फोटॉनच्या एकेका पुडीतून, आणि एसटीचा कंडक्टर सुट्टे मागतो तर इलेक्ट्रॉन अगदी उलट: सुट्टे चालणार नाहीत, एकाच नोटेत द्या. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुडीत फार तर तीनेक इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. मोबाइलच्या पुडीत एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास. ऑक्सिजनच्या रेणूचा भाव आहे १२. म्हणजे टॉवरनं कितीही चिल्लर उधळली तरी आयन होणार नाही. एक्स-रेच्या पुडीत मात्र हजारो असतात, म्हणून एक्स-रे काढताना तंत्रज्ञ खोलीबाहेर जाऊन उभा राहतो. मोबाइलनं इतर काही होतं की नाही हा वेगळा विषय, पण ५जी ला घाबरून किरणोत्सारी पेंडंट गळ्यात घालणं म्हणजे डास चावू नये म्हणून विंचू पाळणं.

ही चिल्लरची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, कारण आता ऑक्टोबर येतो.

जुलैत महाड-पोलादपूरला पाऊस कोसळतो, पण फारसा गडगडत नाही. वर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक बिनगडगडाटाचा. कारण भर पावसाळ्यात सह्याद्रीवर आपटणारे ढग फार उंच चढत नाहीत. ढगात वीज तयार व्हायला बर्फ लागतो. उंच ढगात बर्फाचे स्फटिक आणि गारेसारखे मऊ कण एकमेकांवर आदळतात, हलके स्फटिक धन होऊन वर जातात, जड कण ऋण होऊन खाली राहतात. असे उंच ढग मे-जूनमध्ये पाऊस सुरू होताना येतात, आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घाम, चारच्या सुमाराला डोंगरामागून काळाकुट्ट फुलकोबी वर येतो. महाबळेश्वरला २०१२ पासून पुण्याच्या आयआयटीएमची ढगांवरची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथं ढग दारातून आत येतात, त्यामुळे शास्त्रज्ञांना विमान लागत नाही, खिडकी पुरते. विजेचे ढग मात्र असे हाताला लागत नाहीत.

आता हवा ही मुळात विजेला वाट न देणारी चीज. नायट्रोजनच्या रेणूचा भाव १५.६, ऑक्सिजनचा १२. मग ढगातून जमिनीपर्यंत वीज येते कशी? सुरुवात होते एखाद्या मोकळ्या इलेक्ट्रॉनपासून. तो कुठून आला? हवेत थोडे मोकळे इलेक्ट्रॉन नेहमीच असतात. काही जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूमुळे, काही अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांमुळे. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन गडी फुग्यात बसून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि त्याला दिसलं की वर जावं तसं हवेचं आयनीकरण वाढतं, म्हणजे कुणीतरी वरून मारा करतंय. १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

हा मोकळा इलेक्ट्रॉन ढगाच्या विद्युत दाबाखाली पळायला बघतो. पण हवेत त्याची अवस्था विरार लोकलमधल्या माणसासारखी. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं सरकला की कुणावर तरी आदळतो. एवढ्याशा जागेत १२-१५ इलेक्ट्रॉनव्होल्ट कमवायचे तर दाब प्रचंड हवा, जमिनीलगतच्या हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट. तेवढा मिळाला की तो धडकेत समोरच्याचा इलेक्ट्रॉन उडवतो, एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. चेन मार्केटिंग, पण खरंखुरं. क्षणार्धात हवेची एक बारीक वाट आयनांनी भरते आणि तारेसारखी वाहू लागते. गंमत म्हणजे ढगांत प्रत्यक्ष मोजलेला दाब याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच भरतो. तरी वीज कडाडते. पहिली ठिणगी पेटते कशी यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. कुणी म्हणतं कॉस्मिक किरण, कुणी म्हणतं बर्फाच्या टोकांशी एकवटलेला दाब.

एकदा वाट तयार झाली की ती टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. जवळ आली की जमिनीवरच्या उंच गोष्टींमधून, म्हणजे आंब्याचं झाड, देवळाचा कळस, एकटा उभा माणूस, अशांतून आयनांचा एक-एक तंतू वर उठतो. त्यांतला जो पहिल्यांदा भेटतो त्याच्यातून सगळा करंट जातो, सुमारे ३० हजार अँपिअर. हवा ३० हजार अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती फुटून पसरते तो गडगडाट. त्या उष्णतेत नायट्रोजनही ऑक्सिजनशी जुळतो आणि पावसाबरोबर नायट्रेट होऊन खाचरात उतरतो. किंमत मोजली ढगानं, थोडं खत भाताला फुकट.

भाताचाच तर घोळ आहे. कोकणात भातकापणी ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी विजांच्या दिवसांत. सगळं गाव खाचरात, उघड्यावर, वाकलेलं. आणि आपण वीकएण्डवाले त्याच दिवसांत 'हवा छान आहे' म्हणून रायगडाच्या उघड्या माथ्यावर सेल्फी काढत. २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, नैसर्गिक आपत्तींतल्या एकूण मृत्यूंच्या एक तृतीयांशाहून जास्त. बहुतेक शेतात काम करणारी.

गावाकडे म्हणतात, पायाळू माणसावर वीज पडते. आता मोबाइलवर पडते असंही म्हणतात. दोन्हींत तथ्य नाही. जन्मताना पाय आधी आले याचा हवेतल्या इलेक्ट्रॉनना पत्ता नसतो. आणि मोबाइलची चिल्लर आपण मघाशीच मोजली, तिनं हवेची वाट तयार होत नाही. वायरचा लँडलाइन मात्र विजांत उचलू नये. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे एकट्या झाडाखालची. वीज झाडावर पडली तरी करंट मुळांशी जमिनीत पसरतो, एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती जास्त मरतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं तर पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या, पत्र्याच्या बंद टपाच्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबा. बाइक आणि उघडी शेड यांत धरू नका. काहीच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. आणि ज्याच्यावर वीज पडली त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो. छाती दाबून हृदय चालू ठेवलं तर तो वाचू शकतो. 'हात लावू नका रे' म्हणत लोक लांब उभे राहतात, तोच वेळ जातो.

आयआयटीएमनंच 'दामिनी' नावाचं ॲप केलंय, फुकट आहे. वीज पडते तेव्हा ज्या रेडिओ लहरी सुटतात त्या ठिकठिकाणचे सेन्सर पकडतात आणि आसपासच्या २०-४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना फोनवर येते. आयनांच्या नावावर फोनमध्ये काही घ्यायचंच असेल तर हे घ्या.

पोलादपूरच्या बाजूला एका खाचरात कापणी चालू होती, तिथल्या एका आजींना मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. त्यांनी विळा थांबवला नाही. 'बाय, वीज पडंल तवा पडंल. कापलेला भात भिजला तर तो आजच गेला.' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दुपारनंतर तो ऑफिसात बसून फोनवरचे विजांचे ठिपके बघतो आणि ठिपके घाटाकडे सरकले की आईला कॉल करतो. तेवढ्यात आजींच्या पदराच्या गाठीतला फोन वाजला. 'आला त्याचा,' म्हणत त्यांनी उचलला, ऐकून घेतलं, आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, 'ताडपत्री टाक गं, चल घरात.'